निम्म्या वेगाची होडी

"फार पळतेय रे होडी," काकू म्हणाली, आणि पुतण्याचं तोंड एवढंसं झालं.

तीन दिवस तो कॉम्प्युटरवरच्या होडीच्या या एका खेळामागे हात धुऊन लागला होता. काका गेले आणि वर्षभरात त्यांचा जुना कॉम्प्युटरही बंद पडला. म्हणून त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर लिहायला घेतला. जुन्या चिपची एकूणएक खोड पाळावी, तर लॅपटॉपला धाप लागे. वेग धरावा, तर नदीचं पाणी मध्येच थिजे नि संगीत फाटे. शेवटी कसंबसं दोन्ही जमलं. आणि आता हे!

"काकू, सेकंदाचा हजारावा भाग मोजलाय मी. मूळ मशीनचा वेग हाच."

"असेल बाबा. पण मला ती आमची संध्याकाळची होडी बघायचीय. एकदाच. मग तुझं डोकं नाही खाणार."

उद्या त्याची सुट्टी संपत होती. खिडकीतलं उतरतं ऊन पडद्यावरच्या निळ्या नदीत विरघळलं होतं. बघता बघता त्याचे डोळे जड होत होते. त्याने मन घट्ट केलं आणि वेग निम्म्यावर आणला.

"हीच!" काकूचे डोळे भरून आले.

निम्मा? तो बुचकळ्यात पडला. मग त्याला टेबलाखालच्या काकांच्या जुन्या मशीनवरचं बटण आठवलं. ते दाबलं की अख्खं मशीन निम्म्या वेगाने चाले. काका-काकू आळीपाळीने खेळत. होडी फुटली की दुसऱ्याची पाळी. काका तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या हिला हरवून दाखवा!"

वा काका, लबाडच की! बायको जिंकावी म्हणून गुपचूप बटण दाबत होते तर. पुतण्याला गलबलून आलं. काकूला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, त्याने ठरवून टाकलं. अचूकपणा गेला खड्ड्यात.

त्याने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. "घे काकू, तुझी पाळी."

काकूने हात मांडीवरच ठेवले. होडी संथपणे डुलत निघाली.

"माझी कुठली? माझ्या पाळीला मघासारखीच पळायची ती. ही त्यांची पाळी." पडद्यावरची नजर न हलवता ती हसली. "त्यांचे हात थरथरायचे ना, मग मी पायाच्या अंगठ्याने हळूच बटण दाबायचे. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, आपला खेळ सुधारतोय."