कागद येईपर्यंत

"आजबी नाय आली?" कुंडलिकने पायरीवरूनच विचारलं.

रंजिताने नकारार्थी मान हलवली. कृषी सहायक म्हणून किन्हवलीला येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि असला आश्विन तिने पाहिला नव्हता. भात निसवलं, लोंब्या भरत आल्या, आणि नेमकी तेव्हा लष्करी अळी उतरली. दिवसा ती बुंध्याशी दडून बसायची. ऊन कललं की वर चढून लोंब्या कुरतडायची. सकाळी बांधावर उभं राहावं तर खाली नुसता दाण्यांचा सडा. नेहमीच्या औषधांना अळी दाद देत नव्हती. जे औषध लागू पडलं असतं, त्यावर सरकारची बंदी. खास बाब म्हणून तातडीची परवानगी द्यावी, असा प्रस्ताव रंजिताने ठाण्याच्या जिल्हा कार्यालयाला पाठवला होता.

देवळातल्या सभेत तिने सगळ्यांना बजावलंही होतं, "कागद येईपर्यंत कोणी ते औषध वापरलं, तर मीच पोलिसांत देईन. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

लोक माना डोलावून उठले होते. लोकांनी आपलं ऐकलं, याचं तिला मनातून बरं वाटलं होतं.

बाकीचे शेतकरी कार्यालयात येऊन भांडायचे, सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. कुंडलिक तसा नव्हता. यायचा, पायरीवर बसायचा, विचारायचा आणि जायचा. थोड्या वेळाने पुन्हा हजर. चहा दिला तर कप हातात धरून बसायचा, प्यायचं विसरून.

"परवानगी आली की ती कंच्या तारखेपासून धरतात, मॅडम?"

"खरीप हंगामासाठी मागितलीय."

"म्हंजे सगळा हंगाम?"

"सगळा. तुमची लावणीसुद्धा त्यात आली." ती हसली.

तो हसला नाही. चहावरची साय बोटाने बाजूला सारत बसला.

"संध्याकाळी तुमच्या शेतावर येते," ती म्हणाली. "अळी कुठवर पोचलीय ते बघू."

"नका येऊ. ओढ्याला लय पाणी हाय. आन मी घरी नसतो. शहापूरला सरकारी दवाखान्यात जातो. गडी हाय ना माझा, लखमा, त्याला ताप भरलाय."

लखमा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. डोळखांबकडच्या पाड्यावरचा. बायको मंगळीला घेऊन दरवर्षी कुंडलिककडे कामाला यायचा. श्रावणात ओढा फुगला तेव्हा रंजिताची लुना त्याने एकट्याने पलीकडे नेऊन दिली होती, आणि वर म्हणाला होता, "बकरी जड असते मॅडम यापेक्षा."

उभं पीक अळी खातेय आणि हा माणूस रोज गड्याच्या उशाशी जाऊन बसतो. रंजिताला आपल्या रागीट बोलण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या मीटिंगला गेली तेव्हा केळी घेऊन ती दवाखान्यात डोकावली. मंगळी खाटेपाशी जमिनीवर पाय पसरून बसली होती. डोळे सुजलेले.

"मना वळखत नाय तो," मंगळी म्हणाली. "नुसता छताकडं बघतो. मालक हाय म्हणून, मॅडम. रोज डबा आणतो, माझ्यासाठी लुगडं आणलं. कोण करतंय गो एवढं?"

बाहेर व्हरांड्यात डॉक्टर कुंडलिकला काहीतरी विचारत होते. कुंडलिक हात जोडून नाही नाही म्हणत होता. डॉक्टर वैतागून निघून गेले. रक्ताबिक्ताची सोय करायला सांगत असतील, असं रंजिताला वाटलं. आजाऱ्याच्या माणसाशी जरा नीट बोलायला काय होतं यांना?

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी उठली ती थेट ठाण्याला गेली. साहेब मीटिंगमध्ये होते. मग जेवायला गेले. मग म्हणाले, फाइल वर गेलीय. रंजिता केबिनच्या दारातून हलली नाही.

"एका माणसाने पायरी झिजवली हो माझी," ती साहेबांना म्हणाली. "घरचं शेत जळतंय आणि तो गड्याची सेवा करतोय. अशा माणसाला मी आता काय तोंड दाखवू?"

दुपार उतरता उतरता सही झाली.

ती किन्हवलीला गेलीच नाही. कुंडलिक कुठे असेल हे तिला ठाऊक होतं. शहापूरला उतरून ती जवळजवळ धावतच दवाखान्यात शिरली. लखमाचे दोन्ही हात खाटेच्या दांडीला बांधलेले होते. झटके येताहेत म्हणून बांधलेत, मंगळी पुटपुटली. कुंडलिक खिडकीपाशी उभा होता.

"आली," रंजिताला धाप लागली होती. "परवानगी आली, कुंडलिकदादा!"

त्याने कागद घेतला. उलटा-सुलटा करून परत तिच्या हाती दिला. "वाचा."

"चालू खरीप हंगामात किन्हवली परिसरातल्या भातपिकावर सदर औषध फवारण्यास..."

"सगळा हंगाम?"

"सगळा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद त्याने कपाळाला लावला.

"आता पळा घरी," ती म्हणाली. "ऊन कललंय, अळी वर आली असेल. लगेच पंप भरा. इथे मी थांबते."

कुंडलिक दाराकडे वळला नाही. कागद हातात धरून तो सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुमी रोज इचारत व्हता ना, लखमानं शेतात काय फवारलं म्हणून? आता लिवून घ्या नाव."