सकाळ जपानी, दुपार इंग्रजी

"दोन्ही जादा वर्ग मला परवडणार नाहीत," शिनोबु म्हणाली. "एकच ठेवता येईल. कुठला काढायचा, ते तुम्ही दोघींनी मिळून सांगा."

समोर मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर दोन शिक्षिका गुडघे जुळवून बसल्या होत्या. कुरोइवाबाई सकाळी जपानीतून शिकवत, डिलेनीबाई दुपारी इंग्रजीतून. एरवी त्या पालकांना वेगवेगळ्या दिवशी भेटत. शाळेची पद्धतच तशी होती. दोन भाषा एका खोलीत येऊ द्यायच्या नाहीत. कुरोइवाबाईंना इंग्रजी येतं, हे मुलांना कळूसुद्धा द्यायचं नाही. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत वर्गाच्या दारात दोघी समोरासमोर आल्या, तरी नुसती मान लववत आणि निघून जात.

त्यांना एकत्र बसवायचा हट्ट शिनोबुने धरला होता, तो पैशांसाठी. तिची मुलगी सुमिरे आता पहिलीत जायची होती. शाळेची फी आधीच अमेरिकेत टॉरन्समधल्या त्यांच्या घरभाड्याहून जास्त होती. त्यावर कुरोइवाबाईंनी जपानीचा जादा वर्ग सुचवला होता आणि पुढच्या आठवड्यात डिलेनीबाईंनी इंग्रजीचा. इंग्रजी कच्चं राहिलं तर पहिलीत प्रवेश नव्हता. जपानी सुटलं तर जपानमध्ये कानाझावातल्या आजीशी ही पोर कधीच बोलू शकणार नव्हती. शिनोबु रात्रभर दोन्हींचा विचार करून आली होती.

"मग जपानीचाच ठेवा," कुरोइवाबाई लगेच म्हणाल्या. "सकाळभर ती गप्प असते. इंग्रजीची काळजी नको. ते तिचं पक्कंच आहे."

"कुणाचं?" डिलेनीबाईंनी विचारलं.

"सुमिरेचं."

"अहो, माझ्याकडे ती तोंड उघडत नाही!" डिलेनीबाई हसल्या. "मी समजत होते, सकाळी तुमच्याकडे बडबड करून दमते बिचारी."

कुरोइवाबाईही हसल्या. मग दोघींचं हसू एकदमच थांबलं.

"पण सांगितलेलं सगळं करते ती," कुरोइवाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "गोलात बसा म्हटलं की बसते. जरा उशिरा, पण बसते."

"हो. सगळ्यात शेवटी," डिलेनीबाई म्हणाल्या. "आधी बाकीच्यांकडे बघते, मग बसते."

शिनोबुचे कान तापले. "तुमच्या दोघींच्या वर्गांत एक भिंत आहे. एक! पूर्ण वर्षात कधी एकमेकींना विचारावंसं वाटलं नाही? ही पोर तुझ्याकडे बोलते का गं, एवढंच? फी मात्र दोघींच्या वर्गांची मागता."

कुरोइवाबाई खुर्चीतून उठल्या आणि माफी मागायला कमरेत खोल वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या. डिलेनीबाईंना काय करावं कळेना. त्यांनी विचारलं, "घरी कुठल्या भाषेत बोलते ती?"

"इंग्रजीत. बापाशी. माझ्याशी जरा कमीच..."



घरातही शाळेचाच नियम होता. आई जपानी बोलणार, बाबा इंग्रजी. आपलं मोडकं इंग्रजी सुमिरेच्या कानावर पडू नये, म्हणून शिनोबु नवऱ्याशी स्वयंपाकघराचं दार लावून बोलायची. दोन वर्षांची असताना सुमिरे घरभर चिवचिवायची. शाळा सुरू झाल्यावर हळूहळू कमी झाली. दोन भाषांतली मुलं मध्येच अशी गप्प होतात, असं सगळ्या आया एकमेकींना सांगत. शिनोबुने स्वतः दोघीतिघींना सांगितलं होतं.

तिने फोन काढला. नवरा, डेरेक, कामावर होता. मागे माल उचलणाऱ्या गाडीचा आवाज येत होता.

"सुमिरे तुझ्याशी काय काय बोलते रे?"

"आता? हे विचारायला फोन केलास?"

"सांग ना."

"काय बोलणार? तुझी लेक पक्की जपानी आहे. मी काही विचारलं की माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसते. मग मी हसलो की हसते." तो स्वतःच हसला. "तुझं डोकं खात असेल ना दिवसभर?"

फोन शिनोबुच्या हातात तसाच राहिला. त्यातून डेरेक "हॅलो, हॅलो" म्हणत होता. तिच्याही तोंडाकडे सुमिरे तशीच बघायची. पोर किती मायाळू आहे, असं तिला वाटायचं. हाकेला ओ मिळाली नाही तर शिनोबु जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावायची. आपल्याच नादात असते, म्हणायची.

ती उठली आणि मागचं दार उघडून अंगणात गेली. दोन्ही शिक्षिका तिच्यामागे आल्या. मुलांची मोकळी सुट्टी चालू होती. सुमिरे वाळूच्या खड्ड्यात पाठमोरी बसली होती. ऊन तिच्या समोरून येत होतं, त्यामुळे शिनोबुची सावली तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

कुठल्या भाषेत बोलवावं, हा प्रश्न तिला पडला नाही. नाव दोन्ही भाषांत एकच होतं.

"सुमिरे," तिने हाक मारली. मग मोठ्याने. मग सगळा जीव एकवटून, शेजारच्या इमारतीवर आपटून परत येईल इतक्या मोठ्याने.

अंगणातलं एकूण एक मूल वळून तिच्याकडे बघू लागलं. सुमिरे बादलीत वाळू भरत होती.