उडालेला म

"शब्द घ्या," अमरसिंह म्हणाले. "मोडलं."

अनुजाची बोटं टाइपरायटरवरच थांबली.

दर रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी दोघी मैत्रिणी दोन जुने टाइपरायटर मांडून बसायच्या. कुणीही यावं, एक शब्द द्यावा आणि हातातली भेळ संपायच्या आत कविता घेऊन जावं. अनुजाचं मशीन आजोबांचं, कचेरीच्या दारात अर्ज टाइप करून करून झिजलेलं. पूर्णिमाचं जुन्या बाजारातलं. चार ओळी झाल्या की दोघी उठून खुर्च्या बदलायच्या आणि एकमेकींची अर्धी कविता पुरी करायच्या. लोकांना त्याचीच गंमत वाटायची.

आजचा माणूस गंमत बघायला आलेला नव्हता. गारगोटीचे अमरसिंह म्हणजे उदयसिंहचे चुलते, आणि उदयसिंहशीच पूर्णिमाची सुपारी फुटली होती. गेल्या वर्षी लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना मोडलं. निनावी पत्रामुळं मोडलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

अनुजाला जास्त ठाऊक होतं. पत्र तिनं लिहिलं होतं. मुलीला फिट येतात, चौकशी करा. चारच ओळी, आणि धडधडीत खोट्या. पूर्णिमा गारगोटीला नांदायला गेली की हे रविवार गेले, आपण एकटे पडलो, या भीतीनं तिनं अक्कल गहाण टाकली होती. पुढं पूर्णिमाच्या वडिलांनी, आप्पांनी, चारचौघांत जाणं सोडलं. सगळं कबूल करायचं ठरवून अनुजा कित्येकदा त्यांच्या घरी गेली आणि चहा पिऊन परत आली. खरं कळलं तर पूर्णिमा जन्मात आपलं तोंड बघणार नाही, याची तिला खात्री होती.

"काका, दुसरा शब्द द्या की," पूर्णिमा म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता.

"ह्योच पायजे."

दोघी टाइप करू लागल्या. अनुजाच्या मशीनचा 'म' ओळीच्या वर उडायचा, आजोबांच्या वेळेपासूनचं दुखणं. आज तिनं तो चुकवत चुकवत लिहिलं:

फांदी तुटली,
झाड कुठं रडलं?
वारा विचारतो
काय असं घडलं?

"आज खुर्च्या नको बदलायला," ती पुटपुटली.

"का गं? दर वेळी बदलतो की." पूर्णिमा येऊन बसली आणि खटाखट टाइप करू लागली.

मोडलं ते मोडू दे,
माझं मला राहू दे.

एकेक 'म' अनुजाच्या छातीत वाजत होता.

अमरसिंहांनी कागद ओढून घेतला. खिशातून घडी घातलेला दुसरा कागद काढून शेजारी धरला.

"गेल्या रविवारी माझी लेक हितनं कविता घिऊन आली. फ्रिजवर लावलीया. चार दिस बघतोय, म वर उडालाय. ह्यो म आमच्या घरात आधीपास्नं हाय." त्यांनी आवाज चढवला नव्हता. "ह्या मशीनवर कोण बसतं?"

"दोघी," अनुजा म्हणाली.

"पत्र कुणी लिवलं, ते इचारतोय मी."

अनुजा कोरे कागद उगीचच सारखे करू लागली.

"मी लिवलं, काका," पूर्णिमा म्हणाली.

अनुजा तिच्याकडं बघतच राहिली. ही आपल्यासाठी अंगावर घेतीय? धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"मला लग्नच करायचं नव्हतं," पूर्णिमा रडत सांगत होती. "आप्पांच्या पुढं बोलायचं धाडस झालं न्हाय. माझ्या मशीनचं टाइप आप्पांनी वळखलं असतं, म्हणून अनुजा घरात नव्हती तवा तिच्या मशीनवर टाइप केलं. पोरीचं मन दुसरीकडं हाय म्हणून."

अनुजानं अमरसिंहांच्या हातातलं ते घडीचं पत्र घेतलं. पान भरून मजकूर होता. फिटबिटचं त्यात अवाक्षर नव्हतं. म्हणजे आपलं पत्र पोचलंच नाही, कुठंतरी टपालातच गहाळ झालं. वर्षभराचं ओझं एका क्षणात उतरलं आणि तिला चक्क हसू यायला लागलं.

"तुझ्याशी खोटं वागले गं," पूर्णिमा तिला म्हणाली. "वर्षभर तेच मनाला खातंय."

अनुजानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे. मी माफ केलं तुला."

अमरसिंहांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. मग दुसऱ्या खिशात हात घातला.

"ह्ये एक झालं," ते म्हणाले. "आता पोरीला फिट येत्यात म्हणून कुणी लिवलंय, त्येबी सांगा."