तडकलेला कोपरा

"ताई, पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघतोय गं. आत रेकॉर्ड केलेल्या आईच्या ओव्यांना धक्काही लागणार नाही," म्हणत हेरंबने जुन्या टॅब-लॅपटॉपवर लिनक्स या फुकट सिस्टीमचा तिसरा प्रकार सुरू केला. पहिल्यात पडदा आडवा झाला होता, दुसऱ्यात आवाज गेला होता. कुमुदचा जीव मात्र ओव्यांत अडकलेला. आई गेल्यावर तिचा गळा तेवढा या यंत्रातच उरला होता.

पडद्याचा स्पर्श चालतो का ते तपासायला हेरंबने कीबोर्ड ओढून सुटा केला आणि कुमुदच्या मांडीवर ठेवला. तोच पडद्याच्या तडकलेल्या कोपऱ्यात, कुणी बोट टेकवावं तशी, एक खिडकी आपोआप उघडली.

"तू दाबलंस?" त्याने विचारलं.

"हात तरी लावला का मी, शहाण्या?"

खिडकीत प्रश्न होता: सगळी डिस्क पुसून नवी सिस्टीम बसवायची? हेरंब ‘नाही’वर बोट आपटत राहिला. पडदा त्याचं ऐकेना. कोपऱ्यातलं ते न दिसणारं बोट मात्र ‘होय’वर अलगद टेकलं.

हेरंबने पेनड्राइव्ह उपटला, तरी डिस्क किती पुसली ते दाखवणारी निळी पट्टी सरकतच राहिली. कीबोर्ड छातीशी धरून कुमुद, निदान तोंडात तरी राहावी म्हणून, घाईघाईने ओवी म्हणू लागली. पहिली ओळ झाली.

दुसरी नेहमी आईच म्हणायची.