ओगलेकाकांची साक्ष

“वेडाचं सोंग तुला जमेल, पण डॉक्टरचे कागद नाहीत. स्वसंरक्षण म्हणावं, तर नगरसेवकाच्या उभ्या गाडीपासून तुला कसला धोका?” वकीलबाई म्हणाल्या. “गाडी पेटली तेव्हा तू दुसरीकडे होतास, हे सिद्ध करायला हवं. नाहीतर काही वर्षं आत जाशील.”

“होतोच की दुसरीकडं,” रिक्षावाला महिपत म्हणाला. “हायवेच्या खानावळीत मटण खात होतो. समोर ओगलेकाका होते. पण ते कसं सांगतील?”

ओगलेकाका म्हणजे शाकाहार मंडळाचे तहहयात अध्यक्ष. दुधी भोपळ्यावर तासभर बोलून टाळ्या घेणारा शहरातला एकमेव माणूस.

तरीही ते कोर्टात आले. मागच्या बाकांवर अख्खं मंडळ, पुढच्या बाकावर काकू.

“त्या वेळी महिपत माझ्यासमोर जेवत होता,” काका साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून म्हणाले.

सरकारी वकील खूश झाले. “त्या खानावळीत फक्त मटणच मिळतं. आपण तिथे काय करत होतात?”

“मटण खात होतो. दर बुधवारी खातो.” मंडळाचे चिटणीस खोकू लागले. काका थांबले नाहीत. “साहेब, खोटंच बोलायचं असतं, तर मी घरी भोपळा खात होतो म्हणालो असतो.”

सरकारी वकील फाइल मिटून खाली बसले. महिपत सुटला.

बाहेर येताच तो काकांच्या पाया पडला. मंडळातलं कुणी जवळ आलं नाही. काकू आल्या.

“येत्या बुधवारी मलाही न्या,” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून दोडका खातेय मी.”