दौलतबुवांच्या प्लेटलेट

अठरा हजार. डॉक्टर उमाताईंनी मोजणीची काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. दीड लाखाच्या वर हव्या असलेल्या प्लेटलेट दुसऱ्या खेपेलाही अठरा हजारच भरल्या. त्यांनी बदलापूरच्या सर्जनना फोन लावला, दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हर खाली ठेवला.

अंबरनाथ पश्चिमेतल्या त्यांच्या लहानशा लॅबमध्ये बाकावर जांभूळ गावचे कीर्तनकार दौलतबुवा बसले होते. शेजारी त्यांच्या घरच्या, इंदुबाई. बुवांना हर्निया होता. वरचा स्वर लागला की जांघेतली गाठ फुगायची. दोन महिने ते स्टुलावर बसून, आवाज दाबून कीर्तन करत होते. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. ते झालं तर चैत्रातल्या सप्ताहात काल्याचं कीर्तन उभं राहून करता येणार होतं. बावीस वर्षं त्यांनी ते चुकवलं नव्हतं.

"सोमवारी नाही जमायचं, बुवा," उमाताई म्हणाल्या. "रक्त थांबवणारे कण फार कमी आहेत. सर्जन हात लावायला तयार नाहीत. आधी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात तपासणी करा म्हणतात."

बुवांनी वर पाहून हात जोडले. "त्याची मर्जी. बसूनच नाचू."

"बसून नाचलात गेल्या एकादशीला," इंदुबाई म्हणाल्या, "आणि स्टुलासकट माझ्या अंगावर आलात." त्या हसल्या, पण पदर डोळ्यांना गेला. बुवा हनुवटी चोळू लागले. तेव्हा उमाताईंना त्यांच्या हनुवटीवरची ताजी खपली दिसली.

"हे कधी कापलं?"

"आज सकाळी. दाढी करताना."

"रक्त किती वेळ वाहिलं?"

"वाहतंय कसलं!" उत्तर इंदुबाईंनी दिलं. "मी चुलीपासून हळद घेऊन येईतो थांबलंसुद्धा."

उमाताई उठल्या. अठरा हजारांत रक्त असं शहाण्यासारखं थांबत नाही. त्यांनी बुवांच्या रक्ताच्या त्याच बाटलीतला एक थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि पुंजके साचतात त्या कडेलाच थेट नजर लावली. प्लेटलेट होत्या. ढिगांनी होत्या. एकेका पुंजक्यात पन्नास, शंभर. मोजणीत फक्त सुट्या राहिलेल्या आल्या होत्या.

"बुवा, इकडे या. बघा."

बुवांनी एक डोळा मिटून पाहिलं. "हे तर गळ्यात गळे घालून बसलेत!"

"तसंच आहे ते. प्रत्येकीच्या अंगावर रिसेप्टर असतात, हातच म्हणा ना. एरवी ते मिटलेले असतात, म्हणून सगळ्या सुट्या फिरतात. जखम दिसली की त्या जाग्या होतात. मिटलेले हात ताठ होतात, उघडतात. आत दडवलेले आणखी हात बाहेर येतात. मग रक्तातला एक धागा एकीनं इकडून धरायचा, दुसरीनं तिकडून. अशी गाठ बसते आणि रक्त थांबतं."

बुवांचा चेहरा उजळला. "म्हणजे कीर्तन संपलं की आपण उराउरी भेटतो तसं! तोवर जो तो आपला हात जोडून बसलेला."

"हो, पण इथे जखम नव्हती. यांची भेट माझ्या काचेच्या सिरिंजमध्येच झाली. काचेला टेकल्या तरी त्या जाग्या होतात. म्हणून रक्त काढलं की लगेच ते गोठू न देणाऱ्या औषधाच्या बाटलीत घालायचं असतं." उमाताईंनी आतल्या खोलीकडे तोंड केलं. "नाथा!"

रक्त काढणारा नाथा आला. केस पिकलेला, कपाळाला बुक्का.

"बुवांचं रक्त लगेच बाटलीत घातलंस?"

"घातलं की, बाई."

"कसलं लगेच!" इंदुबाई म्हणाल्या. "सुई बघितली नि यांनी डोळे मिटून अभंग धरला. शेतात फुरसं निघालं तर काठी घेऊन धावतात, आणि सुईला भितात."

नाथानं कान पकडला. "बाई, अभंग चालू असताना मधेच कसं उठायचं? आमच्या बापानं कधी उठू दिलं नाही. सुई काढली, बोळा लावला, नि पुरा होऊ दिला."

"आणि रक्त?"

"सिरिंजमध्ये होतं ना. सिरिंज माझ्या हातात." तो घुटमळला. "थोडा ताल धरला असेल."

"किती कडवी, बुवा?"

"सगळी," बुवा ओशाळून म्हणाले. "शेवटचं दोनदा घेतलं. नाथा रंगला होता."

उमाताईंनी हसू दाबलं आणि उकळलेली नवी सिरिंज उचलली. "आता मी काढते. तोंडातून एक स्वर नको."

बुवांनी डोळे घट्ट मिटले. ओठ थरथरू लागले. इंदुबाईंनी सरळ त्यांच्या तोंडावर तळहात ठेवला. नाथा दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रक्त बाटलीत गेलं.

मोजणी दोनदा झाली. रंगवलेल्या काचेवर प्रत्येक प्लेटलेट सुटी, आपापल्या जागी शांत होती.

"सोमवारी जा," उमाताई म्हणाल्या. "चैत्रात मी काल्याला येते. पुढच्या रांगेत जागा ठेवा."

इंदुबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग सूक्ष्मदर्शकाला. उमाताईंनी पुन्हा फोन फिरवला. पलीकडून सर्जनांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

"तासाभरापूर्वी अठरा हजार, आणि आता दोन लाख तीस हजार? असं कुठलं औषध दिलंत तुम्ही?"

"औषध काही नाही, डॉक्टर," उमाताई म्हणाल्या. "बुवांना दोन मिनिटं गप्प बसवलं."