पावडरचा डबा

धाकटा भाऊ सोनाजी मिशनच्या दूधपावडरच्या डब्यासाठीच ख्रिस्ती झाला, याबद्दल मला शंका नव्हती. आम्ही त्याच्या घरचं पाणी पिणं सोडलं. महाराष्ट्र झाला त्या वर्षी मिशनची पावडर बंद झाली. वाटलं, येईल झक मारत परत. पण रविवार उजाडला की स्वारी निघाली मेहकरच्या चर्चला. दुसरं काहीतरी मिळत असणार! एकदा लपतछपत मागे गेलो. पाद्री गाव सोडून गेलेला, चर्चला कुलूप. हा पायरीवर डोळे मिटून बसलेला. “इथं काय भेटते बे तुले?” “पहिले दुधासाठीच येत होतो, भाऊ. आता दूध नाही, तरी येतो. काऊन, तेच देवाले विचारून राह्यलो.” “सांगतलं त्यानं?” “अजून नाही. पण येणं सुटत नाही.” त्यानं पाण्याचा डबा पुढे केला, तोच पावडरचा. मी हुंगून पाहिला. दुधाचा वासही उरला नव्हता. तोंड लावून प्यालो.